पाचव्या घराचं दूध

कोलशेतच्या कोळीण मावशींनी कोपरला पाचवा फ्लॅट घेतला. घर घेण्याआधी त्या सगळे नळ सोडतात आणि माशाचे कल्ले बघावेत तशी भिंतीची खालची कड चाचपतात. रंग मी देतो. मग नव्या शेगडीवर दूध उतू घालून त्या भाडेकरूला चावी देतात.

मी अजून साईटवरच झोपायचो, बायको-मुलगी नांदेडला. आठवीत शाळा सोडलेल्या, पगाराची चिठ्ठी नसलेल्या माणसाला घर कोण देणार?

रंग वाळल्यावर मावशी म्हणाल्या, "दूध तू ठेव."

"मी कशाला, मावशी?"

"र्‍हानार तू, नि उतू मी घालू कं रं?"

ओतताना निम्मं दूध ओट्यावर गेलं. मावशी हसल्या. "सांडू दे. शाला बिल्डिंगच्या मागंच हाय. पोरीला कवा आनतोस?"