सहावा फाऊल

माझे धाकटे मामा देवाला भीत नाहीत, सापाला भीत नाहीत, मामीलाही फारसे भीत नाहीत. ते भितात फक्त सहाव्या फाऊलला. आमच्या परंदवडीत फुटसाल, म्हणजे छोट्या पक्क्या मैदानावरचा फुटबॉल, हा शब्दही कोणी ऐकला नव्हता तेव्हापासून ही भीती त्यांनी एकट्याने जपली, आणि पुढे सगळ्या गावाला लावली.

मामा सोमाटण्याच्या पुढे एका कारखान्यात रंगारी होते. कामगारांचे फुटसालचे सामने होणार म्हणून साहेबांनी त्यांना रिकाम्या गोदामाच्या फरशीवर पट्टे मारायला सांगितले. मामांनी कागदावरच्या मापाने पट्टे मारले, दोन्ही गोलांसमोर कमानी काढल्या, सहा मीटरवर एक ठिपका दिला आणि दहा मीटरवर दुसरा. पण हा दुसरा ठिपका कशासाठी, ते कोणी सांगेना. "ठिपका दिला, पन कशाला दिला ते कळंना. दोन दिस भाकर ग्वाड लागंना," असं ते अजून सांगतात. मग सुट्टीच्या दिवशी, बोलावणं नसताना, ते सामना पाहायला गेले. या खेळात संघाचे पाच फाऊल निभावतात; एका संघाचा सहावा झाला. सहाव्यापासून समोर भिंत करायला खेळाडू उभे करायची परवानगी नाही, म्हणून दुसऱ्या संघाच्या माणसाने त्या दहा मीटरच्या ठिपक्यावरून सरळ चेंडू मारला आणि गोल झाला. मामांचा ठिपका सार्थकी लागला, आणि मामा आमच्या हातातून गेले.

गावात एक भाताची गिरणी कधीची बंद पडली होती. तिच्यापुढे भात वाळवायचं सिमेंटचं अंगण होतं. मामांनी ते झाडून काढलं, पट्टे मारले आणि मुलामुलींना बोलावलं. फुटसालचा चेंडू फुटबॉलपेक्षा लहान आणि मुद्दाम कमी उसळणारा असतो. तो पाहून गिरणीशेजारचे आबा रोज विचारायचे, "आरं, त्यात हवा भर की आदी!" मामा रोज त्यांना समजावायचे. शेवटी एकदा आबांनी स्वतःच सायकलचा पंप आणला, आणि मामांनी खिशातून पिवळं कार्ड काढून त्यांना दाखवलं. ते जुन्या लग्नपत्रिकेतून कापलेलं होतं, मागच्या बाजूला अर्धा गणपती होता. आबांनी त्याला नमस्कार केला आणि पंप घेऊन घरी गेले.

या खेळात संघाचे पाच जण, गोलकीपर धरून. चेंडू बाहेर गेला की पायाने आत मारायचा, आणि तोही चार सेकंदांत. नाहीतर चेंडू समोरच्यांना. हे चार सेकंद मामांनी घरात आणले. मामीने "भाजी काय करू?" असं विचारून उत्तराची वाट पाहिली की ते स्वतःच बोटांवर सेकंद मोजायचे आणि चारच्या आत "वांगं!" असं ओरडायचे. मामी म्हणायची, "अवं, वांगं काल झालं. जरा पाच मोजा की!" खेळाडू कितीही वेळा बदलता येतो, पण ठरलेल्या जागेतून, आणि आतला बाहेर आल्याशिवाय बाहेरचा आत जायचा नाही. हा नियम तर त्यांनी भाताच्या लावणीला लावला. बांधावर दोन काठ्या रोवल्या आणि बायकांना बजावलं, "एकजन चिखलातनं भाईर आली की मगच दुसरी आत. आन् ह्या दोन काट्यांच्या मदूनच." बायका हसून हसून चिखलात बसल्या. पण कंबर मोडायच्या आत प्रत्येकीला विसावा मिळतोय हे लक्षात आल्यावर पुढच्या वर्षी काठ्या त्यांनीच रोवल्या.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि तिथवर पोचलो तो मामांच्या स्कूटरवर बसून. कॉलेजची तिन्ही वर्षं ते मला सकाळी घोरावाडी स्टेशनला सोडायचे आणि मग कामावर जायचे. वाटेत माझ्याकडून एकच अपेक्षा असायची: नियमांचं इंग्रजी पुस्तक मराठीत करून द्यायचं. पहिल्या वर्षाला असतानाच मी दोनशे पानी वहीत ते उतरवून दिलं. मामांनी वहीला प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि ती पाठ केली. "भाच्यानं लिवलंय," एवढं सांगितलं की त्यांच्या दृष्टीने वाद मिटायचा.

त्या वहीत एक वाक्य नव्हतं. फाऊलच्या प्रकरणातलं एक लांबलचक इंग्रजी वाक्य मला नीट कळलं नव्हतं. कॉलेजात जाणाऱ्या भाच्याने मामांना "कळलं नाही" कसं सांगायचं? मी ते गाळलं. पुढे तर ते गाळल्याचंही विसरलो.

काही वर्षांनी लोणावळ्यात मुलींचे तालुक्याचे सामने झाले. जिंकणारा संघ जिल्ह्याला पुण्यात खेळणार होता. आमच्या मुलींच्या संघाची कॅप्टन बारावीत होती. वयाच्या अटीमुळे तिचं हे शेवटचं वर्ष. आमच्या मुली इतकं स्वच्छ खेळायच्या की पहिल्या दोन सामन्यांत मिळून त्यांचे तीनच फाऊल झाले. अंतिम सामन्यात मात्र समोरच्या मुली दांडग्या होत्या. पहिल्या हाफमध्ये आमचे दोन गोल झाले, पण फाऊलही पाच झाले.

मध्यंतरानंतर मी पाहिलं, गुण लिहिणाऱ्याच्या टेबलाजवळच्या फळ्यावरचे फाऊलचे आकडे पुसलेले होते. मामांनीही पाहिलं. त्यांनी मुलींना जवळ घेतलं. "टेबलावरचा मानूस चुकलाय. पन आपल्याला म्हाईत हाय, पाच झाल्यात. त्यानं पुसलं म्हून आपन लबाडी करायची न्हाई. आता सहावा न्हाई म्हंजी न्हाई."

मुलींनी मामांचा शब्द पाळला. हात पाठीमागे बांधून त्या बचाव करू लागल्या. समोरची मुलगी अंगावर आली की वाट द्यायच्या. समोरच्यांचा एक गोल झाला, मग दुसरा. शेवटच्या मिनिटात आमची कॅप्टन सहज पाय घालू शकली असती. तिने घातला नाही. तिसरा गोल झाला आणि दोनास तीनने आम्ही हरलो.

सामना संपल्यावर पंच मामांकडे आले. तरुण, सभ्य माणूस होता. "काका, तुमच्या मुली एवढ्या मागे का सरकत होत्या? फाऊल तर हाफटाइमला शून्य होतात. दुसऱ्या हाफमध्ये तुमचा एकही नव्हता."

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, "माजंच वाचायचं ऱ्हायलं, सायेब."

परतीच्या गाडीत कॅप्टन खिडकीला डोकं लावून बसली होती. ते गाळलेलं वाक्य घोरावाडी येईपर्यंत माझ्या तोंडाशी दहा वेळा आलं आणि दहा वेळा मी गिळलं.

पुढच्या रविवारी मी मूळ पुस्तक घेऊन गिरणीच्या अंगणात गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की मामांचं वाचायचं राहिलं नव्हतं; माझं लिहायचं राहिलं होतं, आणि तेही लाजेपोटी.

कॅप्टन पुढे आली. "दादा, तुमाला कळलं न्हवतं तर इचारायचं की कुनाला तरी."

"चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं. बाकीचं तरी बरोबर हाय का? का तितं बी गाळलंय? बसा हितं. पयल्यापासून वाचा. आमी वही धरतो."

मग त्या सगळ्या वही धरून माझ्याभोवती बसल्या आणि मी इंग्रजी पुस्तकातलं एकेक वाक्य मराठीत सांगू लागलो. अडलं की "अडलं" म्हणायचो. मामा खाली सिमेंटवर मांडी घालून, सगळं पाठ असूनही, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होते. ते गाळलेलं वाक्य आलं तेव्हा मी थांबलो. मामा म्हणाले, "वाच की."

"मध्यंतरानंतर दोन्ही संघांचे फाऊल पुन्हा शून्यापासून मोजावेत."

"परत वाच."

मी परत वाचलं. मामांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि पेन दिलं. मी ते वाक्य समासात लिहिलं, आणि ते लिहून होईपर्यंत मामा कॅप्टनकडे बघत होते.

"लय मोठ्या मनाचा नियम हाय गं," ते हळूच म्हणाले. "आन् एवढी वर्सं आपुन त्यो कुनाला लावलाच न्हाई."

कॅप्टनने चेंडू उचलून मधल्या ठिपक्यावर ठेवला आणि मला म्हणाली, "चला दादा, आज एक जन कमी हाय."