तात्यांच्या शेडमधली औद्योगिक क्रांती

कारखान्यात भंगार साचतं तसे किस्सेही साचतात. भंगार न्यायला निदान टेम्पो येतो. किस्से आपले आपणच चार माणसांत खाली करायचे!

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तात्यांची ठिबकच्या नळ्यांची फॅक्टरी आहे. तात्या मूळचे कळंबचे, ढोबळी मिरची पिकवता पिकवता कारखानदार झालेले. मशीन जर्मनीची. ती बसवायला क्लाउस नावाचे इंजिनिअर आले आणि इंग्रजी येतं म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्याच दिवशी तात्यांनी विचारलं, "साहेब, तुमचा देश एवढा पुढं गेला कसा?"

क्लाउस तोंड उघडायच्या आत उत्तरही त्यांनीच दिलं. "थंडी! तितं बाहेर बसताच येत न्हाय. मग मानूस आत बसून मशीनच करनार!"

आठवड्यात शेडला एसी बसले. ऐन मे महिना. फरक पडला, नाही असं नाही. कामगार सुट्टीच्या दिवशीही यायला लागले. अंथरूण घेऊन!

*

उद्घाटनाला मशीन झकास चालू होती. पाहुण्यांना म्हटलं, "बटण दाबा." त्यांनी सगळ्यात मोठं, लालभडक बटण दाबलं. मशीन बंद! टाळ्यांचा कडकडाट!

"ते तर इमर्जन्सी स्टॉप!" क्लाउस ओरडले.

तात्या माझ्या कानात म्हणाले, "पावन्यांस्नी सांगू नगा. खूश हायेत."

*

क्लाउस सारखं वेळेचं महत्त्व सांगायचे. म्हणून तात्यांनी भिंतीवर विजेवर चालणारं भलंमोठं घड्याळ लावलं. लाइट गेली की मशीन बंद, घड्याळही बंद. बाहेर दिवेलागण झाली तरी शेडमध्ये दुपारचे तीन!

क्लाउस कपाळाला हात लावून बसले. तात्या म्हणाले, "बगा साहेब, आमचं एक मिनिट बी वाया गेलं न्हाय!"

*

क्लाउस मायदेशी परतले, आणि नेमका पहिल्या एक्स्पोर्ट ऑर्डरच्या वेळी मशीनचा पितळी व्हॉल्व्ह फुटला. क्लाउसना फोन केला, तर "नवा पाठवतो" म्हणाले. माणसं बसून. ऑर्डर हातची जाणार!

शेजारच्या शेडमध्ये नारायणआबांचं लेथचं वर्कशॉप. तात्या मन मोकळं करायला तिथं जायचे, पण आबांना मान वर करायला फुरसत नाही. "परदेशातनं अर्जंट काम आलंय. कुन्या बिचाऱ्याची मशीन बंद पडलीय म्हनं."

तात्यांना कळवळा आला. आपली बसलेली माणसं त्यांनी आबांच्या मदतीला दिली. माल विमानतळावर न्यायला टेम्पोही दिला. "त्याचं तरी चालू हूं दे!"

काही दिवसांनी जर्मनीहून खोकं आलं. आबाही बघायला आले. व्हॉल्व्ह उलटासुलटा करून म्हणाले, "तात्या, ह्यो तर माज्याच लेथवरचा हाय!"

तात्यांनी तो हातात घेतला, उजेडात धरला, बराच वेळ न्याहाळला.

"आबा, परदेशात जाऊन आल्यावर चकाकी कसली आलीय बगा!"