थांबू नका, सुरू करा

लग्नाच्या मांडवात आप्पा यायचे ते मागच्या बाजूनं, आचाऱ्यांच्या चुलींजवळून. पुढच्या दारात फेटे आणि हार घेऊन माणसं उभी, वाजंत्रीवाले तयार, आणि आमदार शेवटच्या रांगेत कुणाच्या तरी लेकराला कडेवर घेऊन अक्षता टाकतायत. मंगलाष्टकं चालू असताना कुणी माईकवर "आमदारसाहेबांचं आगमन झालेलं आहे" असं सुरू केलं, की ते नुसते माझ्याकडे बघायचे. मग मी जाऊन माईकवाल्याला गप्प करायची. त्यांची स्वीय सहाय्यक म्हणून माझ्या कामांच्या यादीत हे काम सगळ्यात वर होतं.

ही सवय त्यांना लागली माझ्याच लग्नात. माझं माहेर रहिमतपूरचं, अब्बांचं बांगड्यांचं दुकान. आप्पा तेव्हा नुकतेच निवडून आले होते. ते येणार म्हणून अब्बांनी काझीसाहेबांनाही थांबवून ठेवलं. ऐन मे महिना. आतल्या खोलीत जरीच्या ओढणीखाली मी इतका वेळ बसले की चक्कर येऊन पडले. आप्पा पोचले तेव्हा बायका मला वारा घालत होत्या. ते अब्बांना म्हणाले, "चाचा, माज्यापायी पोरीला ताटकळत ठिवलं? नवरदेव मी हाय का त्यो?" सगळे हसले. आप्पा हसले नाहीत.

पुढं काही वर्षांनी त्यांना सहाय्यक हवा होता. मी तेव्हा साताऱ्यात एका वकिलांकडे टायपिंग करायची. आप्पांनी निरोप धाडला, "त्या चक्कर आलेल्या पोरीला बोलवा. थांबायला लागलं की कसं वाटतं, ते तिला ठावं हाय."

सरपंच, पंचायत समितीचे सभापती, मग दोनदा आमदार अशी त्यांची चढती कमान. तिसऱ्यांदा पडले. त्यांना नावं लक्षात ठेवता येत नसत. सख्ख्या चुलतभावालाही "या पाव्हणं" म्हणायचे. बैठकीत डोळे उघडे ठेवून झोपायचे, आणि उठल्यावर नेमका मुद्द्याचा प्रश्न विचारायचे. पडले त्याला कारणं बरीच होती, पण कार्यकर्त्यांचं एकच म्हणणं: समोरचा उमेदवार प्रत्येक लग्नात दोन्ही घरांच्या सात पिढ्यांचं कौतुक करतो आणि आप्पा तोंड उघडत नाहीत. आप्पा म्हणाले, "आरं, लोकांना भूक लागल्याली असती. तवा भाषण केलं तर शिव्या मिळत्यात, मतं न्हाई."

खरी परीक्षा झाली ती नातीच्या लग्नात. सईवर त्यांचा फार जीव. लग्न साताऱ्याला, आणि त्याच सकाळी लोणंदला त्यांच्या जुन्या ड्रायव्हरच्या मुलीचं. शब्द दिला होता म्हणून ते आधी तिकडे गेले आणि परतताना रेल्वेच्या फाटकाला अडकले. इकडे मुहूर्त जवळ आला. भटजी थांबायला तयार होते, आणि सईचा बाप, आप्पांचा मुलगा हर्षदही. मी फोन लावला. आप्पा म्हणाले, "माईक घे आन सांग, थांबू नका, सुरू करा. लोकांच्या पोरी थांबवल्या न्हाईत, आन घरची थांबवू व्हय?"

अक्षता पडल्या. आप्पा आले तेव्हा शेवटची पंगत उठत होती. सई त्यांच्याशी बोलेना. तिच्याशेजारी बसून ते म्हणाले, "कर राग. त्याला मुहूर्त लागत न्हाई." ती रडता रडता हसली.

आप्पा गेले ते सांगलीच्या दवाखान्यात, यंदाच्या उन्हाळ्यात. गावाकडं नदीकाठी अंत्यविधीची सगळी तयारी झाली. महाबळेश्वरचे टॅक्सीवाले, लोणंदचा तो म्हातारा ड्रायव्हर, कुठली कुठली माणसं उन्हात डोक्याला टॉवेल बांधून उभी. तेवढ्यात निरोप आला की मंत्री निघालेत, हेलिकॉप्टरनं येतायत, थांबा. पक्षाच्या माणसांनी हर्षदला बाजूला घेतलं. आप्पांच्या जुन्या मतदारसंघातली उमेदवारी येत्या निवडणुकीत त्याला मिळेल असं सगळे धरून चालले होते, आणि ती द्यायची की नाही हे याच मंत्र्यांच्या हातात होतं. "सायबांच्या आधी अग्नी दिला तर अपमान हुईल," एकजण म्हणाला.

वेळ जात राहिला. म्हातारा ड्रायव्हर मटकन खाली बसला. कुणीतरी त्याला पाणी दिलं. सई बापाजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आजोबांनी माझं लग्नसुद्धा थांबवलं नव्हतं."

हर्षदनं तिच्याकडे पाहिलं, मग त्या ड्रायव्हरकडे. पक्षाच्या माणसांकडे त्यानं पाहिलंच नाही. माझ्याजवळ येऊन तो म्हणाला, "सलमाताई, सांगा."

मी माईक घेतला. शब्द पाठ होते.

मंत्री आले तेव्हा चिता पेटलेली होती. हात जोडून झाल्यावर त्यांनी हर्षदला विचारलं, "थांबला नाहीत?"

"आमच्यात थांबवत न्हाईत, सायेब," हर्षद म्हणाला. इतकी वर्षं शहरी बोलणारा तो, पण हे बोलला अगदी आप्पांसारखं.

उमेदवारी दुसऱ्याला गेली. गेल्या आठवड्यात रहिमतपूरला माझ्या पुतणीचा निकाह होता. गर्दीत हर्षद कधी आला कळलंच नाही. मी पाहिलं तेव्हा तो मागं, बिर्याणीच्या देगांपाशी उभा होता.