आईने ठेवलेला दगड

आईला जाऊन आज वर्ष झालं, आणि या वर्षभरात मी एकही के-ड्रामा, म्हणजे कोरियन सिरियल, पाहिलेला नाही.

हसू नका. मला ओळखणाऱ्यांना कळेल, हे किती अवघड आहे ते.

लॉकडाऊनमध्ये पुण्यातली नोकरी गेली आणि मी पारनेरला घरी आले, ती हे वेड सोबत घेऊनच. आई मशीनवर गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. मी शेजारी चटईवर मोबाईल घेऊन पडलेली.

"काय ती पांढरीफटक मानसं बघत बसतीस दिवसभर?"

मग एक दिवस पडद्यावर डोंगरातलं एक विहार आलं. आत बुद्धाची मूर्ती, समोर वाकलेल्या बायका.

आईचा मशीनवरचा पाय थांबला. चष्मा वर केला.

"अगं, ही तर आपली मानसं हायत की!"

झालं. त्या दिवसापासून मोबाईल मशीनला टेकून उभा राहायला लागला आणि मी मागच्या रांगेत गेले.

आईची मतं एकदम ठाम.

मला नेहमी सेकंड हिरो आवडायचा. जो जीव लावतो आणि शेवटी एकटाच उरतो. मी त्याच्यासाठी रडायचे.

"त्याला तोंड न्हाई का? आधी इचारायचं हुतं."

श्रीमंत सासू हिरोइनीच्या तोंडावर ग्लासभर पाणी फेकते, तो सीन तर प्रत्येक सिरियलीत. मी सासूवर चिडायचे. आई पाण्यासाठी हळहळायची.

"पानी कशाला सांडती ती भवानी? टँकर काय तिच्या बापाचा हाय?"

पण एक गोष्ट तिला अजिबात खपायची नाही. पोराची परीक्षा आली की तिथली आई विहारात जाते, वाटेवरचे दगड एकावर एक रचते, हात जोडते आणि मनातलं मागते.

"बुद्धाला मार्क मागत्यात व्हय? पोराला म्हनावं अभ्यास कर. दगडानं कोन पास झालंय? आपली मानसं असून अशी कशी गं?"

आमच्या घरात नवस नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच तो सुटला. माझी दहावी असो, नाहीतर बाबांचं शेवटचं आजारपण, आईने कुठेच काही मागितलं नाही. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून वंदनेला जायचं, बस्स. आणि उरलेल्या दिवसांत मोबाईलमधल्या कोरियन बायकांना सुधारायचं.

सिरियलीत कुणाला कॅन्सर झाला की म्हणायची, "मरायला टेकली तरी लिपस्टिक बघ कशी ताजी!"

मग तिलाच झाला.

नगरच्या दवाखान्यात केमोने केस गेले तेव्हा म्हणाली, "ती पोरगी घालायची तसली लोकरीची टोपी आन मला. पांढरी."

सगळं नगर पालथं घातलं. पांढरी मिळाली नाही, मरून रंगाची मिळाली. आईने ती घालून आरशात बघितलं.

"हिरोइन कुठली, वॉचमन दिसतोय."

आम्ही दोघी इतक्या हसलो की सिस्टर धावत आली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता आपल्या हातात काही नाही.

मी जिना उतरून खाली आले. दवाखान्याच्या मागे बांधकाम चाललेलं, लिंबाच्या झाडाखाली खडी पडलेली. तिथेच बसले. आणि काय करतेय हे कळायच्या आत खडे एकावर एक रचायला लागले.

हात जोडले. मागितलं. आईची लेक असून मागतेय याची लाज वाटत होती, तरी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला उन्हात बसवायला व्हीलचेअरवरून खाली आणलं. ती रचलेली खडी तिला लगेच दिसली. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. म्हटलं, आता बोलणी बसणार.

तिने चष्मा वर केला.

मग म्हणाली, "एक बारका मला दे."

दिला. मी चेअर आणखी जवळ घेतली. तिने तो खडा सगळ्यात वर अलगद ठेवला, मशीनमध्ये सुई बसवायची तेवढ्या निगुतीने. पडला नाही.

"हा नवस न्हाई हं. नुसता दगड हाय."

"बरी व्हायला ठेवलास ना?" मी विचारलं.

मी किती अडाणी आहे, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

"येवढ्या सिरियली बघितल्या. एक तरी आई सोतासाठी दगड ठेवताना दिसली का तुला?"

आठवड्याच्या आत ती गेली.

माझा दगड लागू पडला नाही. तिचा पडला असावा. कारण मी आहे. जेवते, कामावर जाते, तिच्या मशीनवर वेडंवाकडं का होईना, शिवते. पहिले काही महिने मला यातलं काहीच जमेल असं वाटलं नव्हतं.

हे ऐकून ती म्हणाली असती, "योगायोग हाय. दगडाचं कौतुक नको."

आज सकाळी विहारात तिच्यासाठी वंदना झाली. गल्लीतल्या बऱ्याच जणी आल्या होत्या. काहींच्या अंगात तिनेच शिवलेले ब्लाउज होते. पाठीवरची शिवण बघून मला ओळखू आले आणि मग पुढचं काही ऐकूच आलं नाही.

सगळे गेल्यावर पायरीशेजारी दोन खडे दिसले. एकावर एक ठेवले.

काही मागितलं नाही, आई. मागावं असं एकच होतं, आणि ते तू होतीस.

खूप आठवण येते गं. तुला मनापासून वंदन.

नवस नाही केला. नुसता दगड ठेवलाय.