बनियनचा रसिक

म्हैसूरमध्ये हूटगळ्ळीला जाणाऱ्या बसमध्ये रोज शेजारी बसणाऱ्या काकांना मी कधी नाव विचारलं नाही. पुण्याहून इथे येऊन मला बरीच वर्षं झाली होती, आणि खिडकीत बसूनही मी मोबाइलमध्येच डोकं घालत असे. काका इथल्याच जुन्या मराठी घरातले. त्यांचं कोपर माझ्या बरगडीत शिरे. "अय्यो सार, बघा की, किती चंद!" त्यांना सगळंच चंद, म्हणजे सुंदर दिसे. सायकलवरचे केळ्यांचे घडसुद्धा.

एकदा बस वळली आणि काका चक्क उभे राहिले. "ती गच्ची बघा सार! हिरव्या चादरीशेजारी पिवळा टॉवेल, मध्ये भोक पडलेलं बनियन. भोकातून आभाळ दिसतंय! त्या घरात कोणीतरी कलावंत आहे."

घर माझं होतं. बनियनही.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच गच्चीवर गेलो. लाल चादरीशेजारी बायकोचा मोरपंखी परकर टांगला, मधोमध बनियन, भोक नीट रस्त्याकडे करून. "परकर तरी आत वाळत घाला!" बायको ओरडली.

बस वळली. काकांनी निरखून बघितलं आणि मान हलवली. "आज नाही जमलं सार. लोकांनी बघावं म्हणून वाळत घातलंय."

तोंड लपवायला मी खिडकीकडे वळलो. रस्त्यात एक म्हैस बसली होती. ड्रायव्हर हॉर्न बडवत होता आणि ती डोळे मिटून निवांत रवंथ करत होती.

माझं कोपर आपोआप काकांच्या बरगडीत गेलं.