सक्तीची रजा

वरवंडच्या आमच्या दूध डेअरीत एक ऑडिटर बाई आल्या होत्या. आमचा चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी गावात नसलेल्या शेतकऱ्याच्या नावानं कॉम्प्युटरवर दूध भरून पाहिलं. कॉम्प्युटरनं ते मुकाट्यानं घेतलं. मग त्यांनी विचारलं, "इथं रजा कोण घेत नाही?"

"आमचे हिशेबनीस, आप्पा," मी कौतुकानं सांगितलं.

"त्यांना आठवडाभर सुट्टी द्या. काम दुसऱ्याला करू द्या."

"म्याडम, देवमाणूस हायेत ते."

"असतील. पण चोरी लपवणाऱ्यालाही रजा परवडत नाही. त्याच्या जागी दुसरा बसला, की खोट्या नोंदी उघड्या पडतात."

आठवड्यानं सगळा हिशेब चोख निघाला. बाईंनी ते स्वतः आप्पांना सांगितलं.

आप्पा म्हणाले, "व्हय, पर माझ्याबिगर चालतंय, हे बी समद्यांना कळलं."

निघायच्या आधी बाईंनी आप्पांजवळ बसून पहिल्यांदाच आमचा चहा घेतला.