मयत उमेदवाराची हजेरी

त्या रविवारची हजेरी आजही माझ्या कानात आहे. दोन हजारच्या दशकात मी भाईंदर पश्चिमेला फौजदार होतो. एका दुपारी जवळच्या कॉलेजातला क्लार्क ठाण्यात आला. माणूस मूळचा रत्नागिरीचा, नियमाबाहेर पाऊल न टाकणारा. त्याने टेबलावर परत आलेलं एक पाकीट आणि हजेरीपट ठेवला.

एम.ए.च्या एका विद्यार्थिनीचे सगळे पेपर सुटले होते, फक्त प्रबंध बाकी होता. पोस्टाने अर्ज आल्यावर तिला मुदतवाढ मिळाली. अट एवढीच, की रविवारच्या वर्गाला पंचाहत्तर टक्के हजेरी हवी. ही मुदतही संपत आली तेव्हा क्लार्कने तिच्या उत्तनजवळच्या तारोडी गावच्या पत्त्यावर शेवटची नोटीस धाडली. पोस्टमनने पाकिटावर 'मयत' असा शेरा मारून ते परत केलं.

"पोस्टमनचं काहीतरी चुकलं असेल," मी म्हणालो.

"मला पण तसंच वाटलं, साहेब. रविवारी ऑफिस बंद, मी काय तिला बघितलेलं नाय. पण सही परवाचीच आहे."

मी हजेरीपटावरचं नाव वाचलं. दोन वर्षांपूर्वी ही मुलगी समुद्रात बुडाली, तेव्हा पंचनामा मीच केला होता. अकस्मात मृत्यूची नोंद माझ्या अक्षरात होती. त्यानंतर तिने जवळपास एकही रविवार चुकवला नव्हता. पोलीस असल्या गोष्टींना घाबरत नाहीत, असं सांगायची पद्धत आहे. मी घाबरलो होतो.

रविवारी साध्या कपड्यांत मागच्या बाकावर जाऊन बसलो. बाहेरून येणारे नवे सर मान वर न करता नावं घेत होते. "प्रेझेंट", "येस सर" चाललं होतं. मग तिचं नाव आलं.

"हाय," खिडकीपाशी कुणीतरी हळूच म्हणालं.

मी बाकावरून अर्धवट उठलो. मग डोकं चालू लागलं. हजेरीला 'आहे'च्या जागी असं 'हाय' म्हणणारी माणसं उत्तनकडच्या गावांतली. वळून पाहिलं, तर पन्नाशीची बाई, मांडीवर कापडी पिशवी. पंचनाम्याच्या दिवशी वाळूत बसलेली मुलीची आई.

क्लार्कला बोलावून ऑफिस उघडून घेतलं. बाईंना पाणी दिलं.

"मावशी, मुलीच्या नावाने सही का करता?"

"परीक्षा दिली न्हाय मी, साहेब. त्या अर्जापुरती नि पटापुरती सहीच शिकले तिची." मग पिशवी जवळ ओढून म्हणाल्या, "घरात तिचा नाव कोन काढत न्हाय. मी रडते म्हनून. इथं दर रविवारी मोठ्यानं घेतात. मी फकस्त हाय म्हनते."

पिशवीत प्रबंध होता. मुलीच्या हातचा, पूर्ण झालेला.

"हा आधीच का नाही दिला?"

"दिला की पटावरनं नाव जाते. तुमच्या फलकावर लिवलंय."

क्लार्कने मान खाली घातली. तो फलक त्यानेच लावला होता.

तोतयागिरीचं कलम मला पाठ होतं, पण फायदा कुणाचा झाला ते मला सापडेना. जबाब घेतला, समज दिली, नाव कमी करायला सांगितलं. सांगताना जिवावर आलं.

क्लार्क नियमांची पुस्तिका चाळत राहिला. "साहेब, मयताचा प्रबंध घेऊ नये असं यात कुठंच नाय." त्याने आवक रजिस्टर उघडलं, पेन टेकवलं आणि नाव ठाऊक असूनही विचारलं, "उमेदवाराचं नाव?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, स्पष्ट सांगितलं.

त्याआधी मी कित्येक घरांत 'मयताचे नातेवाईक कोण?' असं विचारत शिरलो होतो. त्यानंतर कुठल्याही घरी गेलो, की गेलेल्या माणसाचं नाव घेऊनच विचारत असे.